स्मरणचित्राचा पेपर

गेल्या आषाढी एकादशीला मी एक नेम धरला. चातुर्मासात नेम धरण्याची आमच्या घरात जुनी चाल आहे. आई ह्या चार महिन्यांत कांदा-लसूण सोडते आणि रोज वाती वळते. सौभाग्यवती साखर सोडतात; गूळ सोडत नाहीत. मी मात्र आजवर ह्या बाबतीत अगदी कोरडा राहिलो होतो. त्यामुळे साबुदाण्याची खिचडी पानात पडत असता, "मी उद्यापासून रोज चार खोके काढणार," असे जाहीर केले, तेव्हा सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले.

'खोके' हा शब्द हल्ली चारचौघांत उच्चारण्याची सोय राहिलेली नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून वाचकांपाशीही आधीच खुलासा करून टाकतो. माझे खोके कागदावरचे. सहा बाजूंचे, आठ कोपऱ्यांचे, बारा कडांचे आणि आत काहीही नसलेले.

"अहो, पण त्या खोक्यांचं करायचं काय?" सौभाग्यवतींनी विचारले.

त्याचे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही. आज देतो.

माझे लहानपण गिरगावातल्या एका चाळीत, दहा बाय बाराच्या एका खोलीत गेले. आईबाबा, आम्ही तिघे भावंडे, आणि मे महिन्यात कोकणातून येणारे पाहुणे निराळे. ती चाळ 2009 साली पाडली गेली. तिच्या जागी आता वीस-बावीस मजली इमारत उभी आहे. आम्ही तर त्याच्याही कितीतरी आधी डोंबिवलीला आलो होतो. पण आईचे सत्त्याऐंशीवे सरले आणि ती खोली आमच्या घरात परत आली. आईला हल्ली सकाळची गोष्ट संध्याकाळी आठवत नाही. दुपारी औषध घेतले की नाही, ह्यावरून रोज वाद होतो. त्या खोलीबद्दल मात्र ती तासन्‌तास बोलते. आणि आताशा बोलताबोलता मध्येच अडते. "मांडणी मोरीच्या अंगाला होती, की खाटेच्या रे?" असे विचारते आणि माझ्या तोंडाकडे बघत राहते. ते बघणे मला सोसत नाही.

त्या खोलीचा फोटो आमच्यापाशी एकच आहे. भावाच्या मुंजीतला. त्यात मुंजा आहे, मामा आहे, भिंतीवरचे अर्धे कॅलेंडर आहे, खोली नाही. आज खिशातल्या फोनने दिवसाला शंभर फोटो निघतात, पण फोटो जे आहे त्याचाच निघतो. जे उरले नाही त्याचे चित्र काढावे लागते. ते काढायचे मी ठरवले, आणि एका रविवारी काढलेही.

आईने चष्मा पुसून ते चित्र पाहिले. खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीवर बोट ठेवून ती म्हणाली, "ही उशी इथं जमिनीवर कशाला टाकलीस?"

माझी नात आठवीत आहे आणि एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसणार आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या पोहोचलेली आहे. माझ्या घरात ती माझ्या रूपाने पोहोचली होती आणि नापास होऊन परतली होती. त्या परीक्षेत वस्तुचित्राचा पेपर असतो, तसा स्मरणचित्राचाही असतो. समोर काही नसताना आठवणीने चित्र काढायचे. मी दोन्हींत सारखाच कच्चा होतो. नातीने माझे चित्र उलटेसुलटे करून पाहिले आणि डॉक्टरांच्या थाटात निदान केले, "आजोबा, तुम्हाला खोली येत नाही, कारण तुम्हाला खोका येत नाही. पेटी म्हणजे खोका, खाट म्हणजे चपटा खोका, मांडणी म्हणजे उभा खोका. आधी साधा खोका काढा बघू!"

मी काढला. वाचकांनीही हे वाचून झाल्यावर एक खोका काढून पाहावा अशी माझी विनंती आहे. समोर न ठेवता, मनाने, कोपऱ्याकडून पाहिलेला. शंभरातल्या नव्वदांचा खोका माझ्यासारखाच निघेल: मागे जाता जाता रुंद होत गेलेला. लांबच्या कडा जवळ यायला हव्यात, त्या हात पसरल्यासारख्या फाकतात. असे का व्हावे? कारण झाकणाच्या समोरासमोरच्या कडा सारख्या लांबीच्या आहेत, हे आपल्याला ठाऊक असते. त्या डोळ्याला सारख्या दिसत नाहीत, पण ठाऊक असलेले मन दिसणाऱ्या डोळ्याचे ऐकून घेत नाही. ते हाताला परस्पर हुकूम सोडते. डोळा बिचारा शेजारी बसून राहतो.

ह्या दिसण्याच्या शास्त्राला यथार्थदर्शन म्हणतात. आमचे ड्रॉइंगचे मास्तर त्याला 'पर्स्पेक्टिव्ह' म्हणत आणि आम्ही मुले त्यांच्या पाठीमागे आणखी काहीतरी म्हणत असू. त्याचे मूळ सूत्र एका वाक्यात सांगता येते. एकमेकींना समांतर असलेल्या रेषा लांब जाता जाता एकाच बिंदूकडे धावतात. आगगाडीचे रूळ सर्वांनी पाहिलेले आहेत. खोक्याच्या बारा कडांत अशी तीन कुटुंबे असतात, प्रत्येकात चार कडा. प्रत्येक कुटुंबाचा आपापला बिंदू. तिथे त्या रेषा लोप पावतात, म्हणून तो लोपबिंदू. बहुधा हा बिंदू कागदाच्या बाहेर कुठेतरी, टेबलावर नाहीतर शेजारच्या खुर्चीवर असतो, आणि न दिसणाऱ्या त्या जागेवर नेम धरून चारही रेषा मारायच्या असतात. सूत्र समजायला पाच मिनिटे लागतात. हाताला समजायला किती लागतात, हे मला चातुर्मासात कळले.

माझा नेम असा होता. सकाळचा चहा झाला की पाठकोरे कागद घ्यायचे. पेन्सिल नाही, बॉलपेन. म्हणजे खोडण्याचा मोह नको. पट्टी नाही. आधी खोक्याचा सर्वांत जवळचा कोपरा, तिथून तीन दिशांना तीन रेषा, आणि त्या तिघींत शक्यतो प्रत्येक कोन काटकोनाहून मोठा. रेषा मारण्यापूर्वी हात कागदावरून दोन-तीन वेळा नुसताच फिरवायचा आणि मग मनगटाने नव्हे, खांद्यापासून हात हलवून ती एकदाच ओढायची. मागच्या न दिसणाऱ्या कडाही काढायच्या, खोका काचेचा असल्यासारख्या. चार खोके झाले, की लाल पेन्सिल आणि पट्टी घेऊन प्रत्येक कड मागे वाढवीत न्यायची, आणि चार बहिणी एका ठिकाणी भेटतात की नाही ते पाहायचे.

खरे शिक्षण ह्या लाल पेन्सिलीत होते. पहिल्या दिवशी माझ्या चार बहिणींपैकी दोघी टेबलाच्या कडेला भेटल्या, तिसरी गॅलरीकडे गेली आणि चौथी उलट माझ्याच अंगावर चालून आली. खोक्यांकडे नुसते पाहिले असते तर "बरे आहेत" असे म्हणून मी उठलो असतो. लाल रेघ भीड बाळगत नाही. मी रोज कागदाच्या खाली एक ओळ लिहू लागलो: 'डावीकडच्या कडा फाकतात.' 'मागची कड घाईने मारली.' दुसऱ्या दिवशी सारे लक्ष त्या एकाच दोषावर.

पहिले पन्नास खोके ह्यातच गेले. पन्नासनंतर जरा हात बसला, आणि बसताक्षणी मला गर्व झाला. मी पाच मिनिटांत चार खोके उरकू लागलो. साठ ते नव्वद हे खोके पहिल्या तीसांहून वाईट आहेत. मी ते जपून ठेवले आहेत. लाल पेन्सिल चालवण्याचाही तेव्हा मी कंटाळा करीत होतो. आई पलंगावर वाती वळीत बसलेली असे. एके दिवशी ती सहज म्हणाली, "नेम उरकायचा नसतो रे. उरकायचा तर धरायचाच कशाला?" तिला माझ्या खोक्यांतले काही कळत नव्हते. वातींतले कळत होते.

गाणारी माणसे ह्याला रियाज म्हणतात. पलटा शंभर वेळा म्हणणे म्हणजे रियाज नव्हे. जो स्वर खाली लागतो तो हुडकून, तंबोऱ्याशी ताडून, पुन्हा लावणे म्हणजे रियाज. अँडर्स एरिक्सन ह्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी 1993 साली ह्याच विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला होता. बर्लिनमध्ये व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची त्यांनी पाहणी केली होती, आणि जे उत्तम गणले जात त्यांनी एकट्याने बसून केलेला सराव इतरांहून जास्त भरला होता. पुढे त्यातल्या तासांच्या आकड्याचीच दवंडी फार पिटली गेली. एरिक्सनचा भर मात्र तासांवर नव्हता; त्या तासांत आपली चूक तुम्ही शोधता की नाही, ह्यावर होता. माझ्या तंबोऱ्याच्या जागी लाल पेन्सिल होती, एवढेच.

शंभरीच्या पुढे एक युक्ती सापडली. नवी कड मारताना मी आजवर तिच्या शेजारणीकडे बघत असे, कारण ती जवळ असते. पण शेजारीण दुसऱ्या कुटुंबातली. बघायला हवे ते तिच्या तीन सख्ख्या बहिणींकडे, मग त्या कागदाच्या पार दुसऱ्या टोकाला का असेनात. हे उमगल्यापासून लाल रेघा हळूहळू जवळ येऊ लागल्या. वीतभर अंतर चार बोटांवर आले, दीडशेच्या सुमारास अंगठ्याखाली झाकण्याइतके. खोक्याचा आठवा, सर्वांत मागचा कोपरा तेवढा अखेरपर्यंत हट्टी राहिला. तिथे तिन्ही कुटुंबांची एकेक कड येऊन मिळायची असते, आणि आधीच्या साऱ्या लहानसहान चुका तिथे एकदम हिशेब मागायला येतात.

आषाढीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत, तापाचे आणि गणपतीच्या पाहुण्यांचे दिवस वजा जाता, माझे दोनशे खोके झाले. गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मोठा कागद घेतला आणि खोली काढायला बसलो. आता मला भीती नव्हती. खोली म्हणजे तरी काय? आतून पाहिलेला खोका! समोरच्या भिंतीकडे सरळ बघत बसले, की बाजूच्या भिंतींच्या, जमिनीच्या आणि छताच्या मागे धावणाऱ्या सगळ्या रेषा एकाच बिंदूत मिळतात. आडव्या रेषा आडव्या राहतात, उभ्या उभ्या. मी तीन दिवस खपलो. खिडकी, तिच्याखाली ओटा, डावीकडे मोरी, उजवीकडे खाट, खाटेखाली पेटी, मोरीच्या वरच्या अंगाला मांडणी आणि तिच्यावर डबे. एकूण सत्तावीस खोके आणि एक पिंप.

आईने पुष्कळ वेळ पाहिले. "पेटी अगदी आपली," ती म्हणाली. "मांडणीसुद्धा आपलीच." मग चित्र मांडीवर ठेवून, माझे मन दुखू नये अशा आवाजात म्हणाली, "पण घर आपलं नव्हे हे."

नापास झालेल्या मुलाला काय वाटते, ते मला पुन्हा एकदा समजले.

त्या रात्री मला झोप आली नाही. चूक कुठे होती? लाल पेन्सिलीने मी सगळे तपासले होते. पडल्यापडल्या मला इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातल्या ब्रुनेलेस्कीची गोष्ट आठवली. ह्या स्थापत्यकाराने 1420च्या आसपास आपल्या शहरातल्या बाप्तिस्म्याच्या मंदिराचे चित्र एका फळीवर काढले आणि त्या फळीला एक भोक पाडले. बघणाऱ्याने फळीच्या पाठीमागून त्या भोकाला डोळा लावायचा, समोर आरसा धरायचा आणि आरशात चित्र पाहायचे. चित्र आणि खरी इमारत ह्यांत फरक कळू नये, असा तो खेळ होता. ती फळी आज उरलेली नाही. पुढे 1435 साली आल्बर्तीने यथार्थदर्शनाचे नियम लिहून काढले आणि 1525 साली जर्मनीत ड्यूररने त्यावर सचित्र पुस्तक छापले. पण मला आठवत होते ते भोकच. एवढा खटाटोप त्याने का केला? कारण चित्र खरे दिसायला बघणाऱ्याचा डोळा नेमक्या एका जागी असावा लागतो. डोळा कुठे ठेवायचा, हे चित्रच सांगते.

चौपाटीवर हे कोणालाही पाहता येते. वाळूत बसून पाहिले तर समुद्राची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. उभे राहिलो की ती आपल्याबरोबर उठते. मलबार हिलवर चढलो तर तीही मागोमाग चढते. क्षितिज समुद्राचे नसते, पाहणाऱ्याचे असते.

मी उठून दिवा लावला आणि माझे चित्र पाहिले. त्यातली क्षितिजरेषा जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर होती. मांडणीच्या फळ्यांची खालची बाजू दिसत होती, डब्यांचे बूड दिसत होते. खिडकी बरोबर समोर होती, आणि दार चित्रात नव्हतेच. म्हणजे ही खोली कोणी पाहिली होती? दाराच्या उंबरठ्याला पाठ टेकून, गॅलरीतला उजेड पुस्तकावर घेत अभ्यासाला बसणाऱ्या एका आठ-नऊ वर्षांच्या मुलाने! मी आईला माझे घर दाखवीत होतो. तिच्या घरी मी कधी गेलोच नव्हतो.

सकाळी चहा देताना मी तिला विचारले, "आई, खोली आठवतेस तेव्हा तू कुठं असतेस?"

"कुठं म्हणजे? ओट्यापाशी."

"बसलेली, की उभी?"

"बसायला कधी मिळालं रे?"

आईची उंची पाच फूट. मी क्षितिजरेषा साडेचार फुटांच्या जरा वर धरली. खिडकी तिच्या पाठीशी गेली. आता मांडणीवरच्या खालच्या दोन ओळींतल्या डब्यांची झाकणे दिसू लागली. मी ती आयुष्यात प्रथमच पाहत होतो. खाटेचा वरचा भाग रुंद दिसू लागला, पेटी खाटेच्या सावलीत गेली. उंबरठ्याशी एक पाट आणि पुस्तक आले. आणि समोरच्या भिंतीत, मधोमध, दार आले. खोलीतल्या साऱ्या रेषा ज्या बिंदूत मिळत होत्या, तो बिंदू दाराच्या कडीवर पडला. मी तो तसा धरला नव्हता. ओट्यापाशी साडेचार फुटांवर डोळा ठेवला आणि तो आपोआप तिथे गेला.

आईने चित्र हातात घेतले. ह्या खेपेला चष्मा पुसला नाही. "हं," एवढेच म्हणाली. बराच वेळ गेला. मग कडीवर बोट ठेवून तिने विचारले, "ही लावलीस होय?"

"रात्री लावायचो ना आपण?"

"रात्रपाळी असली की नाही. हे छापखान्यातून दीड वाजता सुटायचे आणि चालत यायचे. तुम्ही निजलेले असायचात. त्यांना ठोठवायला लागू नये म्हणून मी ही झडप जराशी उघडी ठेवत असे."

बाबा कंपोझिटर होते. त्यांच्या रात्रपाळ्या मला ठाऊक होत्या. सकाळी उठावे तो ते भिंतीकडे तोंड करून झोपलेले असत, आणि आम्ही आवाज करायचा नाही अशी ताकीद असे. पण दीड वाजेपर्यंत ओट्यापाशी कोणी उभे असते, आणि ह्या खोलीतली प्रत्येक रेषा त्या दाराकडे धावत असते, हे मला माहीत असण्याचे कारण नव्हते. मी दाराला पाठ टेकून मोठा झालो.

मी म्हणालो, "उघडतो."

हे म्हणणे सोपे. दार उघडले, की त्याची झडप भिंतीला समांतर राहत नाही. तिच्या वरच्या आणि खालच्या कडा खोलीतल्या कुठल्याच कुटुंबात बसत नाहीत. तिला तिचा स्वतःचा वेगळा लोपबिंदू लागतो; मात्र तो असतो त्याच क्षितिजरेषेवर, आईच्या डोळ्यांच्या पातळीत. दोनशे खोक्यांत मला अशी कड एकदाही काढावी लागली नव्हती. मी पुन्हा पाठकोरे कागद काढले आणि नुसते अर्धवट उघडे दार काढायला लागलो. नऊ वाया गेली. दहावे जमले, तेव्हा ते मोठ्या कागदावर उतरवले आणि आईपुढे धरले.

वातीचा कापूस बाजूला ठेवून तिने ते न्याहाळले. दाराच्या फटीवर तिची नजर थोडा वेळ थांबली.

"आणखी थोडं उघड," ती म्हणाली. "पावसाळा आहे. एवढ्यात त्यांची छत्री अडकेल."

मी खोडरबर घेतले. कार्तिकी एकादशीला अजून अवकाश आहे. नेम चालूच आहे.